व्हर्मीरची ‘मिल्कमेड’ : चित्र बघताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्र-रसग्रहणाच्या वर्गात दरवर्षी एक संध्याकाळ मी या एकाच चित्रासाठी ठेवते. एक बाई दूध ओततेय, बस्स. दिवे घालवून चित्र पडद्यावर आणलं की पहिली दोन मिनिटं सगळे गप्प असतात. मग कोणीतरी धीर करून विचारतं, ‘यात अर्थ कुठे आहे?’ तिथून जे प्रश्न सुरू होतात ते दरवर्षी थोड्याफार फरकाने तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले.

हे चित्र कोणाचं, कधीचं आणि कुठे आहे?

चित्रकार योहानेस व्हर्मीर. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा. त्याचा बाप्तिस्मा १६३२ चा आणि दफन १६७५ चं, म्हणजे उणंपुरं त्रेचाळीस वर्षांचं आयुष्य. त्याची म्हणून मानली जाणारी चित्रं जेमतेम पस्तीस-सदतीस. हे चित्र १६६० च्या थोडं आधीचं, कॅनव्हासवर तैलरंगात केलेलं. आज ते अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

आकार ऐकून लोक दचकतात : ४५.५ बाय ४१ सेंटिमीटर. उंची दीड फूट, रुंदी त्याहूनही कमी. पडद्यावर ती बाई देवळातल्या मूर्तीसारखी भव्य दिसते, प्रत्यक्षात ती तुमच्या दोन हातांत मावेल. ती एवढी मोठी का भासते, हे पुढे येईलच.

मिल्कमेडच्या डब्यावरची बाई ती हीच का?

नाही. हा प्रश्न विचारताना लोक लाजतात, पण लाजायचं कारण नाही, नावच तसं आहे. आपल्याकडच्या कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यावरची बाई डोक्यावर दुधाची बादली घेऊन चाललेली असते, तिचा व्हर्मीरशी संबंध नाही. व्हर्मीरचं चित्र वापरलंय ते फ्रान्समधल्या ‘ला लेतिएर’ या दह्याच्या आणि गोड पदार्थांच्या ब्रँडने.

मग ही गवळण आहे का?

तीही नाही. डच भाषेत या चित्राला ‘मेल्कमेइस्ये’ म्हणतात, त्याचा इंग्रजीत ‘मिल्कमेड’ झाला आणि मराठीत कोणी कोणी ‘गवळण’ करून टाकतात. ‘गवळण’ म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच मथुरेचा बाजार आणि वाटेत आडवा येणारा कान्हा. इथे त्यातलं काही नाही. गवळण गोठ्यात धार काढते. ही बाई स्वयंपाकघरात आहे, दुसऱ्याच्या घरात कामाला आहे. म्हणजे स्वयंपाकीणबाई किंवा घरकाम करणारी मोलकरीण. १६९६ साली हे चित्र अ‍ॅमस्टरडॅमला लिलावात निघालं तेव्हाच्या यादीत त्याचं वर्णन साध्या शब्दांत आहे : दूध ओतणारी मोलकरीण, अत्यंत उत्तम. मला ते वर्णन सगळ्या नंतरच्या नावांपेक्षा जास्त आवडतं.

पण चित्रात घडतंय काय? दूध ओतण्यात बघण्यासारखं काय आहे?

आधी हात बघा. एका हाताने तिने दुधाच्या जगचा कान धरलाय, दुसऱ्या हाताचा पंजा खालून टेकवलाय. जग जड आहे, आणि ओतायचं तर थोडं थोडंच आहे. तेलाचा पाच लिटरचा डबा बरणीत रिकामा करताना आपण जे करतो तेच. घाई केली तर भसकन येणार आणि पसरणार. म्हणून सगळा भार तिने मनगटांवर तोलून धरलाय.

आता धार. ती बारीक आहे, पीळ पडल्यासारखी. संपूर्ण चित्रात हलणारी वस्तू ही एकच. बाकी सगळं थांबलंय : पाव, टोपली, पितळी बादली, ती बाईसुद्धा. तिचं सगळं लक्ष त्या धारेवर आहे, त्यामुळे आपलंही जातं.

मग बाह्या बघा. कामाच्या बाह्या वर सारलेल्या आहेत आणि त्यामुळे दोन रंगांची कातडी उघडी पडलीय. हाताचे पंजे आणि मनगटं लालसर, रापलेली. त्याच्यावरचा हात गोरा, फिकट, एरवी कपड्याखाली झाकलेला. उन्हातान्हात आणि गरम-गार पाण्यात राबणाऱ्या कुणाच्याही हाताला ही सीमारेषा असते. व्हर्मीरने ती सोडली नाही.

बघता बघता पाच मिनिटं जातात आणि आपण अजून एकाही ‘प्रतीका’बद्दल बोललेलो नसतो. माझ्या मते हाच योग्य क्रम आहे.

ती नेमकं करतेय काय? पदार्थ कोणता?

वर्गात एकदा सत्तरीच्या एक आजी होत्या. सगळे प्रकाश-छाया, रचना वगैरे बोलत होते, त्या गप्प. शेवटी म्हणाल्या, ‘तापवायचं दूध कोणी एवढ्या बारीक धारेनं ओततं का? भांड्यात आधीच काहीतरी आहे. ती बेतानं घालतेय.’

कलेच्या काही अभ्यासकांनीही तसंच म्हटलंय. टेबलावर पाव आहेत, पावाचे तुकडे मोडून ठेवलेले आहेत. दूध पडतंय ते भांडं दोन कानांचं, खोलगट, विस्तवावर ठेवण्याच्या जातीचं. हॅरी रँड या अभ्यासकाचं म्हणणं असं, की ती शिळ्या पावाचं दुधातलं पुडिंग किंवा खीर करतेय. पाव दुधात नीट बुडाला पाहिजे, नाहीतर वरचा भाग कोरडा राहून करपतो. दूध जास्त झालं तर सगळा लगदा. म्हणून ती धार मोजून चाललीय.

शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा दूध-गूळ घालून केलेला मलिदा ज्यांच्या घरी होत असेल त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. टाकायचं नाही, त्याचंच काहीतरी चांगलं करायचं. तसं असेल तर चित्राचा निम्मा अर्थ इथेच हाती लागला : एक मोलकरीण मालकाच्या घरचे शिळे तुकडे वाया जाऊ देत नाही, आणि चित्रकार ते एखाद्या पूजेइतक्या गांभीर्याने रंगवतो.

खाली कोपऱ्यात ती लाकडी पेटी कसली?

पाय शेकायची पेटी. वरच्या फळीला भोकं, आत मातीच्या भांड्यात निखारे. हॉलंडच्या थंडीत बायका त्यावर पाय ठेवून बसत आणि वरून घागरा सोडत, म्हणजे ऊब आत राहते. आपल्याकडे शेगडीजवळ बसून पाय शेकतात, त्याचीच ही घडीव आवृत्ती.

पण ही पेटी भोळी नाही. रूमर व्हिसर नावाच्या डच लेखकाने १६१४ साली रोजच्या वस्तूंची चित्रं आणि त्याखाली टोमणे अशी बोधचित्रं काढली होती. त्यात ही पेटी आहे, ‘बायकांची लाडकी’ म्हणून. घागऱ्याखाली ऊब देणारी वस्तू, तेव्हा विनोद कुठल्या दिशेने जाणार हे सांगायला नको. शिवाय पेटीच्या मागे भिंतीच्या तळाशी फरशांची ओळ आहे, त्यातल्या एका फरशीवर धनुष्य घेतलेला क्युपिड, म्हणजे तिकडचा मदनदेव, आहे. दुसरीवर काठी घेतलेला एक वाटसरू.

म्हणजे हे चित्र शृंगारिक आहे? आम्हाला तर ती साध्वी वाटली होती!

इथे वर्गात दोन तट पडतात, दरवर्षी.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २००९ साली हे चित्र पाहुणं म्हणून गेलं होतं. तिथले डच चित्रांचे क्युरेटर वॉल्टर लीडकी यांनी तेव्हा ठामपणे मांडलं की त्या काळच्या हॉलंडमध्ये मोलकरणी आणि दूधवाल्या बायका म्हणजे चहाटळ विनोदांचा ठरलेला विषय. नाटकांत, गाण्यांत, चित्रांत त्या एक तर चोरट्या, नाहीतर नादाला लागणाऱ्या. क्युपिड, पाय शेकायची पेटी, रुंद तोंडाचा जग, या सगळ्याचा सूचक अर्थ त्या काळच्या पुरुष प्रेक्षकाला चटकन कळला असणार.

दुसरा तट म्हणतो : अहो, तिचा चेहरा बघा. तिला कुणाशी काही देणंघेणं नाही. ती खाली बघतेय, आपल्याकडे नाही. कामात आहे. कष्ट, काटकसर, स्वच्छता हे डच घरांचे मानाचे गुण, आणि हे चित्र त्यांचाच गौरव आहे.

माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे आणि गंमत त्या दोन्हीच्या मध्ये आहे. व्हर्मीरला ठरलेला विनोद माहीत होता. त्याने तो पार काढून टाकला नाही, खाली पायाशी, फरशीच्या उंचीवर, निळ्या रेघांत ठेवून दिला. आणि वर ती बाई अशी उभी केली की तो विनोद तिला शिवत नाही. निकोलास मास या चित्रकाराने त्याच सुमारास झोपी गेलेली मोलकरीण रंगवली, खरकटी भांडी जमिनीवर, मांजर चोरी करतंय आणि मालकीण आपल्याकडे बघून हसतेय. यान स्टेनच्या चित्रांत तर घर म्हणजे नुसता गोंधळ, इतका की डच लोक आजही पसारा झालेल्या घराला ‘यान स्टेनचं घर’ म्हणतात. त्या चित्रांत मोलकरीण कोणाच्या तरी करमणुकीसाठी असते. इथे ती कोणासाठीच नाही.

पण मग खरा अर्थ कोणता? चित्रकाराने काहीतरी एकच ठरवलं असेल ना?

या प्रश्नावर डच चित्रांचे अभ्यासक कित्येक दशकं भांडले आहेत. एडी डी योंग आणि त्यांच्या वाटेने गेलेल्यांनी बोधचित्रांची पुस्तकं उघडून दाखवलं की या घरगुती चित्रांमधली प्रत्येक वस्तू काही ना काही सांगते : शिंपला, पिंजरा, चप्पल, सगळ्यांना अर्थ आहेत. स्वेतलाना अल्पर्स यांनी १९८० च्या दशकात उलटं म्हटलं : डच संस्कृतीला बघण्याचंच वेड होतं, नकाशे, भिंगं, सूक्ष्मदर्शक. पृष्ठभागाचं नेमकं वर्णन करणं हाच या चित्रांचा उद्देश, आत दडलेला उपदेश शोधत बसू नका.

पहिल्या पद्धतीचा धोका असा, की चित्र म्हणजे शब्दकोडं होऊन बसतं. पेटी बरोबर कामवासना, पाव बरोबर येशू, दूध बरोबर शुद्धता, आणि उत्तरं भरून झाली की चित्र बाजूला. दुसरीचा धोका असा, की ‘वा, काय पाव काढलाय’ याच्या पुढे आपण जातच नाही. मला या चित्रापुरता तिसरा रस्ता जास्त उपयोगी वाटतो : चित्रकाराने काय ठेवलं, याच्या बरोबरीने त्याने काय पुसलं तेही बघायचं. सुदैवाने या चित्रात ते सापडलंय.

काय पुसलं? आणि ते कळलं कसं?

२०२३ च्या मोठ्या व्हर्मीर प्रदर्शनाच्या आधी राइक्सम्युझियमने या चित्राची आधुनिक स्कॅनिंगने कसून तपासणी केली. निष्कर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले. रंगाच्या खाली काळ्या रंगात घाईघाईने फटकारे मारून केलेली पहिली मांडणी दिसली, आणि त्यात दोन वस्तू निघाल्या ज्या आज चित्रात नाहीत.

एक, बाईच्या डोक्यामागे भिंतीवर जग टांगायची फळी. लाकडी पट्टीवर खुंट्या, त्यांना कानांनी लटकवलेले जग. आपल्या स्वयंपाकघरातल्या कपांच्या रॅकची थोरली बहीण. दोन, खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे आज पेटी आहे तिथे, वेताची विणलेली मोठी टोपली. तिच्यात निखाऱ्यांचं भांडं ठेवून तान्ह्या बाळाला ऊब द्यायची आणि दुपटी-लंगोट वाळवायचे. जुन्या क्ष-किरण तपासणीत कोपऱ्यात काहीतरी असल्याचं जाणवलं होतं, तेव्हा ती कपड्यांची टोपली समजली गेली होती.

अशा दोन्ही वस्तू व्हर्मीरच्या स्वतःच्या घरात होत्या. तो गेल्यावर फेब्रुवारी १६७६ मध्ये त्याच्या घरातल्या सामानाची यादी झाली, तीत अशा वस्तूंची नोंद आहे. आणि टोपलीची गरज असणारच. त्याच्या बायकोला, कॅथरिना बोल्नेसला, पंधरा मुलं झाली, त्यातली अकरा जगली. त्या घरात कायम काहीतरी वाळत पडलेलं असणार.

आता विचार करा. फळी तशीच ठेवली असती तर बाईच्या डोक्यामागे भांड्यांची रांग आली असती आणि डोकं त्या गर्दीत अडकलं असतं. टोपली ठेवली असती तर चित्र बाळंतिणीच्या घरचं झालं असतं. ते दूध बाळाच्या पेजेसाठी, ती बाई कुटुंबाच्या गडबडीतली एक, आणि आपण आपोआप विचारलं असतं, बाळ कुठे आहे? व्हर्मीरने बाळ घालवलं, कुटुंब घालवलं, घराची गडबड घालवली. टोपलीच्या जागी पेटी आणली, म्हणजे प्रेमाचा एक हलका इशारा, तोही विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. उरली ती एकटी. एका वस्तूच्या अदलाबदलीने चित्राचा विषय ‘घर’ होता तो ‘ती’ झाला.

भिंत एवढी रिकामी, मग त्यात खिळा कशाला ठेवला?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि तो बहुतेक वेळा एखादा सुतार किंवा इंटिरियरवाला विचारतो.

ती भिंत पांढरी आहे असं आपण म्हणतो. जवळ गेलात तर ती कुठेच पांढरी नाही. सफेद्यात अंबर नावाचा तपकिरी रंग आणि कोळशाचा काळा मिसळून तिच्या कितीतरी छटा केल्यात : खिडकीजवळ करडी, बाईच्या मागे उजळ, खाली मळकट. वरच्या बाजूला एक खिळा, त्याची बारीक सावली. आणखी खिळ्यांची जुनी भोकं, चुना उडालेले खड्डे. डावीकडे खिडकीच्या एका तावदानाचा तुकडा उडालाय, तिथून प्रकाश जरा जास्तच धीट येतोय.

ज्याने फळी पुसली, टोपली पुसली, त्याला एक खिळा पुसणं काय जड होतं? म्हणजे तो मुद्दाम ठेवला. भांडी गेली पण भिंत वापरातली राहिली. कधीतरी इथे काहीतरी टांगलं जात होतं, काढलं, पुन्हा कुठे ठोकलं. भाड्याची खोली सोडताना कॅलेंडरच्या जागी जो चौकोन आणि खिळ्याचं भोक उरतं, तसं. कोणी तिथे दिवसचे दिवस काढले आहेत एवढंच तो खिळा सांगतो. कुठल्याही बोधचित्रांच्या पुस्तकात त्याचा अर्थ शोधून मिळणार नाही, आणि तरी माझ्या दृष्टीने चित्रातली सगळ्यात अर्थपूर्ण वस्तू तीच.

भिंतीला लागून बाईच्या कडेने एक अगदी बारीक पांढरी रेघ ओढलीय, तीही बघा. त्या रेघेमुळे ती भिंतीपासून सुटून पुढे येते.

ती एवढी भव्य का दिसते?

कारण आपण तिच्याकडे किंचित खालून बघतोय. चित्रातल्या सगळ्या मागे जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू तिच्या उजव्या हाताच्या जरा वर आहे, डोळ्यांच्या पातळीवर नाही. त्या जागी कॅनव्हासला टाचणीचं भोकसुद्धा आहे. टाचणीला खडू लावलेली दोरी बांधायची, ताणून फटकारायची, सरळ रेघ उमटते. घर बांधताना गवंडी जो सुताचा दोर वापरतो, तोच प्रकार. मालकाच्या उंचीवरून मोलकरणीकडे बघितलं तर ती खाली दिसेल, व्हर्मीरने बघणाऱ्यालाच खाली बसवलं.

व्हर्मीरने कॅमेऱ्याची युक्ती वापरली होती असं ऐकलंय, मग ते खोटं?

खोटं म्हणणार नाही, पण सिद्धही झालेलं नाही. कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे भिंगातून बाहेरचं दृश्य आत पाडणारी अंधारी पेटी किंवा खोली, त्या काळी माहीत होती. पावावर जे पांढरे-पिवळे ठिपके दिसतात, चमकत्या रव्यासारखे, ते भिंगातून दिसणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यांसारखे आहेत असं काहींचं म्हणणं. पण भिंगात असे ठिपके चकचकीत वस्तूवर पडतील, कोरड्या पावावर नाही. म्हणजे भिंगातून बघितलं असेलही, पण पावावर ठिपके ठेवले ते स्वतःच्या मर्जीने. शिवाय टाचणीचं भोक आहेच.

तो निळा रंग एवढा वेगळा का वाटतो?

कारण तो दगडाचा आहे. लाजवर्द. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड दळून, धुऊन, गाळून त्याची पूड करत. त्या काळी हा रंग अतिशय महाग. दुसरे चित्रकार स्वस्त निळे वापरून भागवत, व्हर्मीरने मोलकरणीच्या एप्रनला हा दिला. कधी कधी तर हिरवट भागांतही तो मिसळला. शेजारी शिसं आणि कथील यांच्यापासून केलेल्या पिवळ्याची चोळी, खाली लाल घागरा.

मराठी माणसाला या रंगासाठी हॉलंडला जायची गरज नाही. अजिंठ्याच्या लेण्यांमधला जो निळा दीड हजार वर्षं टिकलाय, तोही लाजवर्दाचाच. दगड एकाच दिशेच्या डोंगरांतून आला. एकीकडे बोधिसत्त्वाच्या आसपास लागला, दुसरीकडे भांडी घासणाऱ्या बाईच्या एप्रनला.

ही बाई कोण होती?

नक्की कोणी सांगू शकत नाही. तर्क एका नावाभोवती फिरतो : टानेके एव्हरपूल, व्हर्मीरच्या सासूबाई मारिया टिन्स यांच्या घरची मोलकरीण. तिच्याबद्दल एक गोष्ट मात्र कागदोपत्री आहे. कॅथरिनाचा भाऊ विलेम डोक्याने फिरलेला आणि हिंसक होता. गरोदर बहिणीवर तो टोकाला लोखंडी खिळा लावलेली काठी घेऊन धावून जायचा. टानेकेने साक्ष दिली की ती मध्ये पडून अडवायची. चित्रातली बाई टानेके असो वा नसो, ही साक्ष वाचल्यावर ते रुंद खांदे वेगळे दिसू लागतात, हे खरं.

आपल्याकडे उलट उदाहरण आहे. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिथे ती कोण हे पक्कं माहीत आहे, त्यांची मुलगी गीता. लोक मात्र चित्रकाराचंच नाव चुकवतात, आणि बिनदिक्कत राजा रविवर्मा सांगून मोकळे होतात.

कष्टकरी बाईचं चित्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. हे जरा ढोंगच नाही का?

प्रश्न रास्त आहे आणि तो झटकू नये. हे चित्र बहुधा डेल्फ्टच्या पीटर व्हान राउव्हन आणि मारिया डी क्नाउट या सधन जोडप्याकडे गेलं. त्यांच्या जावयाच्या, याकोब डिसियसच्या, संग्रहातून १६९६ च्या लिलावात व्हर्मीरची एकवीस चित्रं आली. मोलकरणीच्या चित्राला १७५ गिल्डर (तेव्हाचं डच चलन) मिळाले. त्याहून जास्त फक्त डेल्फ्ट शहराच्या देखाव्याला, २००. म्हणजे मोलकरणीचं चित्र महाग होतं. ते ज्यांच्या भिंतीवर होतं त्यांच्या स्वयंपाकघरात खरी मोलकरीण होती, आणि तिचा पगार कोणी चित्रात लिहिलेला नाही. तिची दमणूक, तिची पाठदुखी यातलं काही इथे नाही, आहे ते एक शांत सकाळचं ऊन. एवढी सफाई म्हणजे सोयीचं सत्य, हा आक्षेप मला मान्य आहे.

पण मला खरी गंमत चित्रकाराच्या बाजूने दिसते. १६६३ साली बाल्थासार द मॉनकॉनी हा फ्रेंच गृहस्थ व्हर्मीरला भेटायला गेला, तर दाखवायला घरी एकही चित्र नव्हतं. एक होतं ते गावातल्या पाववाल्याकडे. आणि व्हर्मीर मेला तेव्हा पाववाला हेन्ड्रिक व्हान बाउटेन याची ६१७ गिल्डरांची उधारी त्याच्या नावावर होती. कॅथरिनाने त्यापोटी दोन चित्रं देऊन टाकली. पावाच्या प्रत्येक कणावर ठिपका ठेवणाऱ्या माणसाला पाव उधारीचा होता.

आपल्या भागाशी या डेल्फ्टचा काही संबंध आहे का?

थेट या चित्राशी नाही. पण डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला होती, आणि चित्राच्या काळात त्याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. तिचे पडके अवशेष अजून बघता येतात. भिंतीच्या तळाच्या निळ्या-पांढऱ्या फरशांचं मूळही याच व्यापारात आहे : कंपनीच्या जहाजांतून येणाऱ्या चिनी मातीच्या भांड्यांची नक्कल करता करता डेल्फ्टचा निळा-पांढरा माल नावारूपाला आला.

हॉलंडला जाणं शक्य नाही. मोबाइलवर बघितलं तर चालेल का?

चालेल, फक्त फॉरवर्ड होऊन आलेला फोटो बघू नका. त्यात निळा जांभळा झालेला असतो आणि भिंत चुन्यासारखी सपाट. मी एकदा मोठा फ्लेक्स करून घेतला होता, त्यात बाईचा एप्रन शाळेच्या गणवेशासारखा आला. राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर हे चित्र मोठ्या रिझोल्यूशनमध्ये फुकट आहे. ते उघडा आणि पडद्याचा उजेड थोडा कमी करा. आधी चेहऱ्याकडे जाऊ नका. वर भिंतीत खिळा शोधा. सापडला की त्याची सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघा, मग त्या अंदाजाने खिडकीतलं उडालेलं तावदान गाठा, आणि तिथून प्रकाशाच्या मागोमाग खाली पावावर या.